रडणं तुझं, आवाज माझा

नंदन,

स्मशानभूमीच्या फाटकाशी आम्ही सगळे उभे होतो, तेव्हा माझ्या मागे कुणीतरी मोबाइलवर तुझा तो सीन लावला. सकाळपासून बातम्यांमध्ये तोच दाखवत होते. आठ वर्षांचा मास्टर नंदन धक्क्याच्या टोकाला उभा आहे, लाँच सुटली आहे, आणि तो लाँचमधल्या भावाला हाका मारतोय. "दादा, मला ठेवून जाऊ नको! दादा!" आणि मग ते रडणं. ज्यांनी तो सिनेमा पाहिला त्यांच्या कानातून अजून न गेलेलं.

तू आत होतास आणि बाहेर मी माझंच रडणं ऐकत होते. चेहरा तुझा, पण आवाज माझा. हे त्या गर्दीत बहुधा कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या डोळ्यांत मात्र त्या दिवशी पाण्याचा टिपूस आला नाही. तुझ्या युनिटमधल्या एका कॅमेरामनने जवळ येऊन हळूच विचारलं, "आंटी, आप सर की कौन लगती हैं?" नातेवाईक म्हणावं तर नाही. सहकलाकार म्हणावं तर पडद्यावर मी कुठेच नाही. शेवटी "पडोसी" म्हणाले. तुझं नवघर कुठे आणि माझं मीरा रोडचं सिल्व्हर पार्क कुठे, पण त्याने मान डोलावली आणि मला बसायला खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवर मी एकटीच बसले होते. बाकी सगळे कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

आपली पहिली भेट तू नेहमी वेगळी सांगायचास. तू म्हणायचास, स्टुडिओत अंधार होता आणि एक बाई चष्मा कपाळावर चढवून तुझ्यासारखं बोलत होती, तू घाबरला होतास. मला आठवतो तो स्टुलावर बसलेला मुलगा, ज्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी तेव्हा बाविशीची होते. सिनेमातल्या लहान मुलांचे आवाज बहुतेक वेळा आम्ही बायकाच द्यायचो. ओठांना जुळवून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं तर मुलं कंटाळायची. त्यात धक्क्यावर लाँचच्या इंजिनाची एवढी धडधड होती की तिथलं तुझं रडणं रेकॉर्डिंगमध्ये ऐकूच येत नव्हतं. नुसतं दिसत होतं. तेवढाच तुकडा पडद्यावर फिरत राहायचा आणि मी तुझ्या ओठांवर नजर ठेवून श्वास भरायचे, हुंदका अडवायचे, सोडायचे.

जमलं तेव्हा दिग्दर्शकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आई, म्हणजे वहिनी, कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती, ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, लेकाचं कौतुक बघून भरून आलं असेल. तू स्टुलावरून उतरून माझ्यापाशी आलास.

"तुम्हाला काय सांगितलं त्यांनी?"

"कशाबद्दल रे?"

"रडायला."

मी हसले. म्हटलं, "मला कुणी काही सांगावं लागत नाही. मला येतं." तू माझ्याकडे असा बघत राहिलास, जसं काही मी मोठी जादू करून दाखवली होती.

त्यानंतर तू मला दिसलाच नाहीस. वर्षंच्या वर्षं गेली. आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला आलो. हे गेले. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली. डबिंगची कामं तरुण मुलींकडे गेली, ते बरोबरच होतं. मग एका संध्याकाळी सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर मी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. "भैया, कल की पालक है ये, मुझे मत सिखाओ." मागून एक दाढीवाला माणूस म्हणाला, "माफ करा हं, पण हा आवाज माझा आहे."

मी वळून बघितलं. दाढीत पांढरं डोकावत होतं, पण डोळे तेच. ज्या चेहऱ्यावर मी दिवसच्या दिवस नजर रोखून बसले होते, तो मला कसा चुकेल? तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस ती घरापर्यंत नेलीस. चहा झाला, पोहे झाले, तरी तू उठेनास. त्या दिवसापासून तुझ्या सुट्टीची दुपार माझ्या घरी जायला लागली. माझ्या दाराची बेल दुधवाला आणि तू, एवढेच वाजवत होतात. आता दुधाची पिशवीही वॉचमनकडे ठेवायला सांगितली आहे.

तुझी मधली वर्षं मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. मिसरूड फुटली, आवाज फुटला आणि सिनेमे बंद झाले. "मोठा झालास की रे!" हे लोक तुला तक्रार केल्यासारखं सांगायचे, असं तू म्हणायचास. लग्नकार्यात गेलं की कुणीतरी मामा, कुणीतरी काका पकडून आणायचा, "ते लाँचवालं करून दाखव ना." एकदा स्वतःच्या मावसबहिणीच्या लग्नात तू जेवणाच्या पंगतीतून उठून गेलास, ते मला सांगताना तुला पंधरा-वीस वर्षांनंतरही लाज वाटत होती.

मग तू कॅमेऱ्याच्या मागे गेलास. आधी क्लॅप देणारा, मग तिसरा असिस्टंट, मग दुसरा. घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटवर तुझ्यावर एक काम आपोआप येऊन पडलं, लहान मुलांना सांभाळायचं. त्यांचं जेवण वेळेवर आलं की नाही, ती झोपली की नाही, उद्या शाळेत परीक्षा आहे तर आज ती सुटली पाहिजेत, यासाठी तू भांडायचास. युनिटमध्ये तुला "बालवाडी" म्हणायचे. तू ते हसत सांगायचास. पण त्यापायी दोन मालिका तुझ्या हातून गेल्या, तेही तूच सांगितलंस, आणि तेव्हा हसला नाहीस.

मी कधी विचारलं नव्हतं की एवढं कशासाठी. उत्तर मला एका रविवारी दुपारी मिळालं. टीव्हीवर तुझा तोच सिनेमा लागला होता. धक्का दिसला तशी मी हौसेने आवाज वाढवायला गेले. तू माझ्या हातातून रिमोट घेतलास आणि आवाज बंद केलास. पडद्यावर तू मुक्याने रडत होतास.

"त्या दिवशी ग्लिसरीन घालघालून माझे डोळे नुसते लाल झाले होते," तू म्हणालास. "ऊन उतरत चाललेलं. सगळे चिडलेले. मग दिग्दर्शक मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, नंदन, तुझी आई गेली. तू ऐकत नाहीस ना, म्हणून तुला इथेच ठेवून गेली. आता ती येणार नाही."

"अरे देवा! आणि वहिनी कुठे होत्या?"

"आईला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती जनरेटरच्या व्हॅनमागे उभी होती."

"म्हणजे तुला फसवून रडवलं."

तू मान हलवलीस. "सगळ्यांना असंच वाटतं. आईलाही. पण मला ती दिसत होती, ताई. व्हॅनच्या मागच्या चाकापाशी तिच्या साडीचा काठ दिसत होता. ती गेलेली नाही, हे मला माहीत होतं. मी तिच्याकडे बघत होतो आणि ती बाहेर येत नव्हती. म्हणून रडलो मी."

टीव्हीवर जाहिरात लागली होती.

"आणि त्या रडण्याला आवाजसुद्धा तुमचा," तू म्हणालास. "मग त्यात माझं काय उरलं?" हे तू हसत म्हणालास, म्हणून मीही हसले. मग जाताना, चपला घालता घालता, मान वर न करता म्हणालास, "आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगू नका."

मी कशाला सांगते? मी वहिनींना वर्षातून एकदा, संक्रांतीला भेटायचे. तिळगूळ घ्यायचे नि यायचे.

आता तू स्वतः दिग्दर्शित केलेल्या सिनेमाविषयी. त्यावरून आपण जे भांडलो, ते अजून मिटलेलं नाही, आणि तू गेलास म्हणून मी माघार घेणार नाही.

उत्तनला शूटिंग होतं. तिथल्याच एका मच्छीमाराची मुलगी, मेल्विना, तुझी नायिका. वय दहा. तिला संवाद म्हणायला शिकवायचं म्हणून तू मला बोलावलंस. किती वर्षांनी मी रोज सकाळी आवरून कामाला निघत होते! उत्तनच्या वाटेवरचा चौकचा चढ चढताना रिक्षात गुणगुणत असायचे मी. ती पोर मला आवडली. कुणाला भ्यायची नाही. तुलाच सांगायची, "सर, असा कोनी बोलत न्हाय आमच्याकडं." आणि तू वाक्य बदलायचास.

शेवटचा सीन होता. बापाची होडी परत आलेली नाही आणि मुलगी किनाऱ्यावर वाट बघते आहे. निर्मात्याला तिथे रडणं हवं होतं. तुझ्या नावावर सिनेमा विकायचा तर तुझ्या त्या सीनसारखा सीन पाहिजे, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. मेल्विना दुपारभर प्रयत्न करत होती. शेवटी कंटाळून म्हणाली, "मना न्हाय येत रडाला. पप्पा येतील की."

तिचा खरा बाप त्या दिवशी खरोखरच समुद्रात होता. निर्मात्याचा माणूस तुझ्या कानाशी लागला, पण मी शेजारीच होते, मला ऐकू आलं. "सर, उसको बोल दो ना, बोट का फोन नहीं लग रहा. दो मिनट का काम है."

तुला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तू त्याला मारलं नाहीस एवढंच. पॅकअप केलंस. मेल्विनाला हाताला धरून तिच्या घरी सोडलंस आणि तिच्या आईला सांगितलंस की आज हिने छान काम केलं. दुसऱ्या दिवशी तू तो सीन वेगळा घेतलास. मुलगी वाळत घातलेले बोंबील बांबूवरून एकेक काढून टोपलीत भरते आहे, कॅमेऱ्याकडे तिची पाठ, समोर समुद्र. चेहरा नाही, रडणं नाही.

मी तिथेच तुला म्हटलं, "नंदन, तू सीन टाकून दिलास."

"सीन झाला, ताई."

"नाही झाला. खोटं न सांगताही रडता येतं. ती कला आहे. मी शिकवते तिला. श्वास कुठे धरायचा, घसा कुठे आवळायचा. खेळासारखं शिकेल ती. तू तिला अभिनय करायची संधीच दिली नाहीस."

"दहा वर्षांच्या पोरीला बाप मेल्याचं रडणं शिकवायचं नाही मला."

"मी आयुष्यभर खोटं रडले. माझं काय बिघडलं?"

तेव्हा तू जे म्हणालास ते मी विसरलेले नाही. "तुम्ही मोठ्या होतात, ताई. घरी जाताना तुम्हाला माहीत असायचं की ते खोटं होतं."

मला ते तेव्हाही पटलं नाही. सिनेमा आला. थिएटरात आठवडाभर कसाबसा टिकला. शेवट कोरडा आहे, असं काही जणांनी लिहिलं. तू ते मला फोनवर वाचून दाखवलंस आणि म्हणालास, "घ्या, तुमच्या बाजूने मत पडलं." मी म्हटलं, "मला मतं नकोत, मला सीन हवा होता." पुढचे कित्येक महिने आपण हाच वाद घालत राहिलो. पालक निवडताना, टीव्ही बघताना, तुझ्या स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात जाताना. तू माझं ऐकून घ्यायचास आणि दर वेळी एखादा नवीन मुद्दा आणायचास. इतकं मन लावून माझ्याशी भांडणारं आता कुणी नाही, नंदन. मुलगी फोन करते. ती माझं सगळं मान्य करते.

मला एक सांगायचं राहून गेलं. तो सिनेमा मी दुसऱ्यांदा एकटीने पाहिला, दुपारच्या खेळाला. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. त्या शेवटच्या सीनला माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई तोंडावर पदर धरून बसली होती. सीनमध्ये कुणीच रडत नव्हतं आणि ती रडत होती. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू जिंकला असतास. पुढच्या भांडणात सांगू म्हणून राखून ठेवलं होतं. अजूनही मला वाटतं की मेल्विनाला ते जमलं असतं. पण ती बाई रडत होती, हेही खरं आहे.

तुझ्या जाण्यानंतरचे दिवस संपले, पाहुणे पांगले, तशी मी नवघरला वहिनींकडे गेले. घरात फक्त त्याच होत्या. तुझा चष्मा टीव्हीवर होता, तिथे तो नेहमीच असायचा. आम्ही दोघी थोडा वेळ इकडचंतिकडचं बोललो. मग त्या एकदम म्हणाल्या, "शैला, तो तुमच्याशी खूप बोलायचा. त्या धक्क्यावरच्या दिवसाबद्दल काही बोलला होता का?"

"नाही," मी म्हणाले. कुठेही न अडखळता.

"मी व्हॅनमागे होते. त्याला खोटंच सांगितलं आम्ही, आई गेली म्हणून. मला सांगितलं होतं, एका मिनिटाचा प्रश्न आहे, बाहेर येऊ नका." त्या पदराची कड चिमटीत धरून बसल्या होत्या. "त्याला कधी कळलंच नाही ना? लहान होता. विसरला असेल."

"विसरला असेल, वहिनी."

त्यांनी मान डोलावली. बरं वाटल्यासारखी. मग म्हणाल्या, "मी तो सिनेमा कधी पाहिलाच नाही. सगळ्या जगाने पाहिला, मी नाही. आज लावता का? मला तो बघायचाय, लहानपणीचा."

मी मोबाइलवर लावून दिला. पहिल्यांदा तू शाळेतून पळत आलास, तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. "केस बघा कसे कापलेत. मीच कापले होते." तू भावाच्या पाठीवर बसलास, आंबा चोखलास, मास्तरांची नक्कल केलीस. सगळं आनंदाने बघत होत्या. मी पुढचं वगळू का, असं विचारलं. नको म्हणाल्या.

धक्का आला. लाँच सुटली. माझा आवाज त्या खोलीत भरून राहिला. वहिनी मोबाइल डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या, "थांबवा."

मी थांबवला.

"लाँच या बाजूला आहे ना?"

"हो."

"मग तो तिकडे कुठे बघतोय?"

मी बघितलं. त्या सीनसाठी मी तुझा चेहरा शेकडो वेळा पाहिला होता, पण तुझ्या ओठांपलीकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. हाका तू लाँचकडे मारत होतास. डोळे मात्र भलतीकडेच, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, जमिनीलगत कुठेतरी खिळले होते.

"मी तिथे होते," वहिनी म्हणाल्या. "शैला, तो माझ्याकडे बघतोय."

दुसऱ्यांदा खोटं बोलणं मला जमलं नाही, नंदन. मी काही बोललेच नाही, आणि त्यांना कळलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्याने सांगितलं?"

"हो. तुमच्या साडीचा काठ दिसत होता म्हणाला."

त्या कितीतरी वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या मोडून पडतील, आणि तुझा शब्द मोडून मी हे काय करून बसले. पण त्या म्हणाल्या, "बरं झालं."

"काय बरं झालं, वहिनी?"

"कुणाला तरी सांगितलं त्याने. मला वाटायचं, हा सगळं एकटाच पोटात ठेवून..." मग त्यांनी विचारलं, "माझ्यावर रागावला होता का?"

"रागावला असता तर इतकी वर्षं तुमच्यापाशी राहिला असता का?"

"राहिला असता," त्या म्हणाल्या. "रागावूनसुद्धा राहिला असता. तसाच होता तो."

तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारं माणूस माझ्यासमोर बसलं होतं. मी आजवर त्यांच्याकडे फक्त तिळगूळ घ्यायला गेले होते.

त्या उठून आत गेल्या. कुकरची शिट्टी काढल्याचा आवाज आला, भांडी वाजली. मी निघते म्हणाले, तर आतूनच म्हणाल्या, "निघता काय? वरण-भात झालाय. मला एकटीला घास उतरत नाही."

मी माझ्या घरी कित्येक वर्षं एकटीच जेवते, उभ्याउभ्या, ओट्यापाशी. त्या दुपारी तुझ्या आईने दोन ताटं वाढली, आणि मी हात धुवायला उठले.